मनकवड्याचं ताट

जाड टॉवेल डोळ्यांवर बांधला की जग दिसत नाही. पण नाकाच्या दोन्ही बाजूंनी, सरळ खाली, बरोबर एका ताटाएवढी जागा दिसते.

कारळाची चटणी काळी असते.

लोकांच्या चपला बहुतेक सारख्याच असतात. प्रत्येकाला मात्र आपली वेगळी वाटते.

किलवरच्या सत्तीत पाहण्यासारखं काही नसतं.

‘इन्नोंदु’ हा कानडी शब्द आहे. अर्थ : अजून एक.

आम्ही शंकराची माणसं. तरी अधिक महिना आला की तेवढ्यापुरतं जावयाला विष्णू मानायला माझ्या सासूबाईंची हरकत नसते. देवाला जसं ‘तुमचं चुकलं’ म्हणत नाहीत, तसं त्या महिन्यात जावयालाही म्हणत नाहीत.

मी मन वाचू शकतो.

वरची वाक्यं विस्कळीत वाटतील. पत्ते पिसल्यावर असंच दिसतं. डाव लागला की प्रत्येक पान आपापल्या जागी येतं.

एक्का

पत्त्यांचा मनकवडा प्रयोग कसा निवडावा, या विषयात आज सोलापुरात माझ्याइतका अनुभव दुसऱ्या कुणाला असेल असं मला वाटत नाही. समोरच्यानं एक पत्ता उचलायचा, आपण न बघता तो सांगायचा. बस्स! ऐकायला सोपं आहे. विहिरीत पडणंही ऐकायला सोपंच असतं.

मी श्रीशैल. विमा ऑफिसात नोकरी, जुळे सोलापुरात फ्लॅट, एक दुचाकी, एक बायको. बायकोचं नाव सिद्धेश्वरी. आमच्या सोसायटीचं दर वर्षी स्नेहसंमेलन होतं. त्यात कुणी गातं, कुणी नाचतं, कुणी नुसतेच ‘दोन शब्द’ बोलून अर्धा तास खातं. मी चपला सांभाळतो. पहिल्या वर्षी अध्यक्ष बसवराजकाकांनी ‘जरा दोन मिनिटं बघता का’ म्हणून मला हॉलच्या दारात उभं केलं. ती दोन मिनिटं अजून संपलेली नाहीत.

मला त्याचं काही नव्हतं. सिद्धेश्वरीला होतं.

‘‘तुमचे मिस्टर कुठायत असं कुणी विचारलं ना,’’ ती म्हणाली, ‘‘की मी तोंड उघडायच्या आत चार जण चपलांकडं बोट करतात.’’

‘‘दारात असतो म्हणून करतात.’’

‘‘दाराकडं नाही करत हो. चपलांकडं करतात.’’

मी तसाच उठलो, जिना उतरून बसवराजकाकांकडे गेलो आणि यंदा मला स्टेज पाहिजे म्हणून सांगितलं.

‘‘स्टेज? काय येतं तुमाला?’’

‘‘मन वाचता येतं.’’

‘‘कुणाचं?’’

‘‘कुणाचंही.’’

‘‘मग सांगा की, माझ्या मनात आत्ता काय चाललंय?’’

‘‘यंदाही यानं चपला सांभाळाव्यात.’’

काका दचकले. मग सावरले. ‘‘हे तर सगळ्या सोसायटीला म्हाईत हाय की!’’

शेवटी तोड निघाली. प्रयोग आधी घरच्या माणसांसमोर करायचा, त्याचा व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचा, कमिटी बघेल. जमला तर स्टेज. नाही जमला तर… काकांनी वाक्य पुरं केलं नाही. फक्त दाराकडे बघितलं.

तीन बाद पत्ते

जाणकार सांगतात की घरगुती प्रयोग वेगळा निवडावा आणि स्टेजचा वेगळा. घरची माणसं जवळ बसतात, त्यांना हात दिसतात. स्टेजपुढची लांब बसतात, त्यांना काहीच दिसत नाही. मी म्हटलं, दोन्हीकडे चालेल असा एकच शोधू. मोबाइलवर व्हिडिओ बघायला लागलो.

पहिला प्रयोग ढिगांचा. पत्त्यांचे तीन ढीग करायचे, ‘तुमचा पत्ता कुठल्या ढिगात आहे’ असं तीनदा विचारायचं, पत्ता आपोआप मधोमध येतो. यात फसगत अशक्य. मी सिद्धेश्वरीला स्वयंपाकघरात गाठलं. पहिल्यांदा तिनं डावा ढीग दाखवला. दुसऱ्यांदा उजवा. तिसऱ्यांदा म्हणाली, ‘‘कुठला पत्ता? मघाचा? शेपू निवडताना कोण ध्यानात ठेवतंय!’’

ज्याच्या मनात पत्ताच नाही त्याचं मन कसं वाचणार? ढीग बाद.

दुसरा प्रयोग गळ्यात मारण्याचा. पत्ते पंख्यासारखे पसरायचे आणि आपल्याला हवा तो पत्ता जरासा पुढे सरकवायचा. माणूस पुढे आलेलंच पान उचलतो. आमच्या ऑफिसातल्या कुंडलिकनं उचललं नाही. तो करकंबचा. त्यानं पुढे आलेल्या पत्त्याकडे बराच वेळ संशयानं बघितलं आणि मागच्या टोकाचा पत्ता ओढला.

‘‘हा का नाही घेतला?’’ मी विचारलं.

‘‘आमचं वडील सांगायचं,’’ कुंडलिक म्हणाला, ‘‘जे लई पुढं पुढं करतंय, त्याला घरात घिऊ नको.’’

तिसरा प्रयोग भाकिताचा. आपण आधीच एका कागदावर पत्त्याचं नाव लिहून पाकिटात बंद करायचं. मी लिहिलं, ‘तुम्ही बदामची राणी निवडाल.’ पाकीट चिकटवलं, वर नीट बोटं फिरवली, आणि कपाटात ठेवलं. सिद्धेश्वरीनं ते आहेराचं पाकीट समजून एका लग्नात नवऱ्या मुलाच्या हातात दिलं. आहेराचं खरं पाकीट आमच्या कपाटात राहिलं. मुलाकडून तक्रार आलेली नाही. उलट त्यानं तो कागद फ्रेम करून लावला आहे असं कळतं.

इथे मी चौथ्या प्रयोगाविषयी लिहिलं होतं. तो परिच्छेद सिद्धेश्वरीनं काढायला लावला, कारण त्यात तिच्या मंगळसूत्राला मेण लागलं होतं.

मांडणी

(स्थळ : आमचं स्वयंपाकघर. ती भजी तळत आहे. मी डोळ्यांवर टॉवेल बांधून डायनिंग टेबलाशी.)

ती : दिसतंय का काही?

मी : ताट. फक्त ताट.

ती : फक्त ताट?

मी : फक्त ताट.

(कढईचा आवाज.)

ती : मग ताटातच सांगते की!

(पडदा. कारण टॉवेल घसरला.)

नाट्यरूपात यासाठी लिहिलं की हा शोध माझा नाही, तिचा आहे, हे साक्षीपुराव्यानिशी राहावं. पत्ता उचलला गेला की ती मला वाढणार. लोणचं वाढलं तर बदाम. शेंगाचटणी वाढली तर चौकट. कारळाची चटणी काळी, म्हणून इस्पिक. हिरव्या मिरचीची चटणी हिरवी, आणि किलवरला कशी झाडाची पानं, म्हणून किलवर. भजी जितकी, तितका आकडा. पापड म्हणजे गुलाम, कुरडई म्हणजे राणी.

‘‘आणि राजा?’’ मी विचारलं.

‘‘धोंडा,’’ ती म्हणाली.

तिच्या माहेरी, बाळीवेशीत, आम्हाला धोंड्याच्या जेवणाचं बोलावणं होतं. अधिक महिन्यात जावयाला बोलावतात, पुरण भरलेले उकडीचे गोळे करून घालतात. त्यांना धोंडे म्हणतात. खाल्ल्यावर का म्हणतात ते कळतं. तिथे सगळे जमणार होते : सासरे ईरप्पा, सासूबाई महानंदा, मेव्हणी अक्षता, आणि तिचा नवरा मृत्युंजय. हा माझा साडू. पुण्याला कंपनीत असतो आणि कुठल्याही गोष्टीची सुरुवात ‘टेक्निकली’ या शब्दानं करतो.

‘‘त्याच्यासमोर झालं ना,’’ सिद्धेश्वरी म्हणाली, ‘‘की झालं.’’ आणि एक भजं माझ्या तोंडात घालता घालता थांबून तिनं ते परत ताटात ठेवलं. एक्का होता तो.

आम्ही आठवडाभर तालीम केली. एकदाही चूक झाली नाही! इस्पिक अठ्ठी म्हटलं की इस्पिक अठ्ठी. चौकट गुलाम म्हटलं की चौकट गुलाम. माझं वजन वाढलं, पण विद्येला किंमत असतेच.

एकच गोष्ट आमच्या ध्यानात आली नाही. आमच्या घरी मला कुणी आग्रह करत नाही.

बदाम पंजी

बाळीवेशीतलं घर सासऱ्यांच्या टॉवेल-चादरीच्या दुकानाच्या वरच आहे. डोळ्यांवर बांधायला काय हवं म्हटल्यावर सासरे स्वतः खाली गेले आणि गठ्ठ्यातला सगळ्यात जाड टॉवेल घेऊन आले. ‘‘यातनं उजेड बी जात न्हाय, वारं बी जात न्हाय,’’ ते अभिमानानं म्हणाले. ते खरं होतं. बाहेर सोलापूरचा उन्हाळा होता. आत माझं डोकं.

मला ताटासमोर बसवलं. समोर सोफ्यावर प्रेक्षक. अक्षतानं मोबाइल धरला.

‘‘पत्ता उचलला की आधी कॅमेऱ्याला दाखवायचा बरं का बाबा,’’ तिनं बजावलं, ‘‘मग सगळ्यांना. भावजींना सोडून.’’

‘‘आई,’’ सिद्धेश्वरी म्हणाली, ‘‘यांना रिकाम्या पोटी मन वाचता येत नाही. मी मधूनमधून थोडं थोडं वाढते.’’

‘‘थोडं थोडं?’’ सासूबाईंचा आवाज आला. त्या आवाजात मला तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

पहिला पत्ता सासऱ्यांनी उचलला. त्यांनी तो कॅमेऱ्याला दाखवला, बायकोला दाखवला, मुलींना दाखवला, मृत्युंजयला दाखवला. चष्मा शोधून स्वतः पुन्हा बघितला. कापडाचा पोत बघतात तसा. तोवर सिद्धेश्वरीनं वाढून टाकलं होतं; मागोमाग सासूबाईंचाही चमचा वाजला होता. वेळ जात होता, भजी गरम होती. आत्मविश्वास असला की भूक लागते. मी दोन खाल्ली.

मग टॉवेलखालून नीट बघितलं. ताटात लोणचं. म्हणजे बदाम. कडेला हिरवी चटणीही होती; पण ती त्या घरात मिठासारखी, असतेच. भजी मोजली. पाच.

मी दोन्ही हात कपाळाला लावले. खर्जात म्हणालो, ‘‘लाल रंग दिसतोय… बदाम… बदाम पंजी!’’

क्षणभर सगळं शांत झालं. अशी शांतता मी यापूर्वी कधी निर्माण केली नव्हती. मग एक टाळी वाजली. सिद्धेश्वरीची. तिच्या टाळीचा आवाज मी ओळखतो. तिच्यामागून सासरे म्हणाले, ‘‘हं. बरोबर.’’

‘‘बरोबर!’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘हौदु, एकदम बरोबर!’’

‘‘अहो पण—’’ हा मृत्युंजय. पुढे लगेच ‘‘आई गं!’’ हाही मृत्युंजयच. चिमट्याला आवाज नसतो, पण चिमटा बसलेल्या माणसाला असतो.

मी विनयानं मान झुकवली. टॉवेलमुळे ती फार झुकली नाही. कबूल करतो, त्या क्षणी मला सोसायटीचा हॉल दिसला, स्टेज दिसलं, आणि दारात चपलांपाशी दुसराच कुणीतरी उभा असलेला दिसला.

सिद्धेश्वरी ताट सारखं करायला वाकली आणि माझ्या कानात पुटपुटली, ‘‘वाढल्या वाढल्या बघा. खाऊ नका.’’

बायकोला नवऱ्याच्या तब्येतीची काळजी असतेच.

चौकट नव्वी

आता दुसरा पत्ता यायचा म्हणजे पहिला ताटातून जायला हवा. हा या पद्धतीतला एक बारकावा. मी उरलेली बदाम पंजी खाऊन टाकली, लोणच्यासकट.

हे सासूबाईंनी बघितलं. माणसाला काय आवडतं हे कळायला त्यांना मन वाचावं लागत नाही. ताट पुरतं.

दुसरा पत्ता त्यांनीच उचलला. सिद्धेश्वरीनं शेंगाचटणी वाढली. चौकट! मग भजी वाढली. एक, दोन, तीन. हात थांबला. चौकट तिर्री. मी कपाळाला हात लावायला उचलणार, एवढ्यात ताटात वरून आणखी एक भजं पडलं.

‘‘इन्नोंदु,’’ सासूबाई म्हणाल्या. लाडात आल्या की त्या कानडीत बोलतात.

‘‘आई, पुरे!’’ सिद्धेश्वरी ओरडली.

‘‘अगं, खायलेत की! इन्नोंदु.’’

‘‘साकु, आई, साकु!’’

‘‘तू गप. तुझ्या घरी काय घालतीस म्हाईत हाय मला. इन्नोंदु.’’

टॉवेलखाली माझी अवस्था विचारू नका. तीन खरी की चार? चार खरी की सहा? माझी बायको सांगते आहे की माझी सासू? टपालात आलेल्या तारेवर पोस्टमननं आपल्या मनातला मजकूर वाढवावा, तसं चाललं होतं. शेवटी नऊ झाली आणि हात थांबला. मी विचार केला, जे ताटात आहे ते आहे. शास्त्र म्हणजे शास्त्र.

‘‘चौकट नव्वी!’’

शांतता. मघासारखीच.

‘‘बरोबर!’’ सासूबाई म्हणाल्या. पत्ता त्यांच्याच हातात होता, म्हणजे प्रश्नच मिटला. ‘‘चौकटची नव्वी. हीच की! अगदी हीच.’’

‘‘आई, टेक्निकली ती—’’

‘‘मृत्युंजय, तुमी भजी घ्या.’’

त्यानं घेतली असावीत. आवाज बंद झाला.

मला मनातून थोडी शंका आली, नाही असं नाही. तीन वाढली, नऊ सांगितली, नऊच निघाली. म्हणजे सासूबाईंनी नकळत मला मदत केली? की मन वाचणं ही गोष्ट खरोखरच माझ्यात होती आणि भजी हे नुसतं निमित्त? मी दुसऱ्या शक्यतेकडे झुकलो.

बदाम राणी

‘‘आता मी,’’ मृत्युंजय म्हणाला.

त्यानं पत्ता उचलला. त्यानं तो लगेच कॅमेऱ्याला आणि इतरांना दाखवला, पिशवीतून काढलेल्या पुराव्यासारखा. सिद्धेश्वरीनं कारळाची चटणी वाढली. इस्पिक. मग धोंडा वाढला. राजा! स्वच्छ, सरळ, संशयाला जागा नाही. मी श्वास घेतला.

‘‘धोंडा वाढला?’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘नुसता? तूप न्हाय, काय न्हाय? मग जेवायचं ताटच वाढते की, कवा बसायचं आता!’’

त्यानंतर टॉवेलखालून मी जे बघितलं ते कुणा मनकवड्याला बघावं लागू नये. शेंगाचटणी आली. चौकट! लोणचं आलं. बदाम! हिरवी चटणी आली, पापड आला, कुरडई आली, धोंडे आले, भजी तर मोजण्यापलीकडे आली. माझ्या ताटात गुलाम होता, राणी होती, राजे किती होते कुणास ठाऊक. ताटात सगळा कॅट होता!

आणि मग एक बांगड्या भरलेला हात दिसला. सिद्धेश्वरीचा. त्यानं कुरडई उचलून नेली.

पुन्हा आला. पापड नेला.

पुन्हा आला. लोणच्यावर चमचा फिरवायला लागला.

‘‘सिद्धे!’’ सासूबाई किंचाळल्या. ‘‘काय करायलीस? जावयाच्या ताटातलं काढायलीस?’’

‘‘आई, थांब जरा, तुला नाही कळणार—’’

‘‘धोंड्याच्या जेवनाला? माझ्या घरात? वाढल्यालं उचलतीस?’’ त्यांचा आवाज कापायला लागला. ‘‘काय कमी पडलं म्हनून आता ताटातलं मोजून काढायलीस, सांग तरी!’’

‘‘कमी नाही गं, जास्त झालंय!’’

‘‘जास्त झालं!’’ सासूबाईंनी टाहो फोडला. ‘‘ऐकलं का हो? जावयाला जास्त झालं म्हन्तीया पोरगी!’’

लोणचं ओढलं जात होतं, वाढलं जात होतं, पुन्हा ओढलं जात होतं. कारळाची चटणी त्या धामधुमीत धोंड्याखाली गेली आणि मला दिसेनाशी झाली. कुरडई परत आली, तीही तुपात बुडून. मायलेकींचं भांडण मिटवायचा एकच मार्ग माझ्या हातात होता. मी घाईनं ताटावर नजर टाकली, सगळ्यात वर जे होतं ते वाचलं, आणि गर्जना केली :

‘‘बदाम राणी!’’

शांतता. पण ही वेगळी होती.

‘‘चूक,’’ मृत्युंजय म्हणाला. ‘‘इस्पिक राजा.’’

मी टॉवेल वर केला. मृत्युंजयनं पत्ता उंच धरला होता. सासूबाईंच्या हातातली तुपाची वाटी तिरकी झाली होती. सासऱ्यांनी चष्मा काढला होता. आणि सिद्धेश्वरी, हातात लोणच्याचा चमचा, माझ्याकडे बघतच नव्हती. ती मृत्युंजयकडे बघत होती. त्याला हात जोडावेत की चमचा मारावा, हे तिचं ठरत नसावं.

पेच फार मोठा होता. बाहेरच्या माणसाला तो समजायचा नाही. जावई चुकत नाही, हा महिन्याचा नियम. पण समोर जावई दोन! मी बरोबर म्हणावं तर मृत्युंजय खोटा. मृत्युंजय बरोबर म्हणावं तर मी चूक. एक विष्णू दुसऱ्या विष्णूला चूक म्हणाला, तर घरच्यांनी कुणाच्या पाया पडायचं?

‘‘दोघं बी बरोबर,’’ सासूबाई घाईघाईनं म्हणाल्या.

‘‘आई, दोघं कसे बरोबर असतील? पत्ता एक आहे!’’

सासरे उठले. त्यांनी मृत्युंजयच्या हातातून पत्ता घेतला, उजेडाकडे धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

‘‘इस्पिकचा राजा हाय,’’ ते म्हणाले.

मृत्युंजयची छाती फुगली.

‘‘आन राजा आला म्हंजे,’’ सासरे म्हणाले, ‘‘राणी आलीच की मागनं. श्रीशैलरावांनी जरा फुडचं बघितलं.’’

‘‘बाबा, पण राजा इस्पिकचा आणि राणी बदामची!’’

सासऱ्यांनी पत्ता शांतपणे कॅटमध्ये सरकवला आणि कॅट खिशात टाकला.

‘‘लव्ह म्यारेज असंल,’’ ते म्हणाले. ‘‘चला, ऊट माड्री. जेवा.’’

सासूबाईंनी दोन्ही जावयांच्या ताटात एकाच वेळी, दोन हातांनी, एकेक धोंडा वाढला. मेहरबानी करून कोणता आधी पडला हे विचारू नका. मृत्युंजयनं अक्षताला विचारलं होतं. तिनं दुसऱ्यांदा चिमटा काढला.

गाळलेला पत्ता

घरी आल्यावर मी व्हिडिओ बघितला. म्हणजे स्वतःला बघितलं. टॉवेल बांधलेला माणूस इतका भारदस्त दिसू शकतो याची मला कल्पना नव्हती. मी तिसरा प्रयोग कापला. दुसऱ्यात भजी फार दिसत होती, म्हणून तोही कापला. पहिला मात्र निर्मळ होता. सुरुवातीचं पत्ता दाखवणं मी दर वेळी पुढे पळवलं; त्यात पाहण्यासारखं काही नव्हतं. कपाळाला हात, ‘बदाम पंजी’, शांतता, टाळी. कुणी काहीही म्हणो, बदाम पंजी ही माझी होती. तेवढा एक प्रयोग, अख्खा, मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला.

‘‘टाकलात?’’ सिद्धेश्वरीनं विचारलं.

‘‘टाकला.’’

‘‘बघून टाकलात ना?’’

‘‘चार वेळा बघून.’’

ती उठून गॅस पुसायला लागली. गॅस स्वच्छ होता.

बसवराजकाकांचा फोन दुसऱ्या दिवशी आला.

‘‘श्रीशैलराव, व्हिडिओ बघितला की! मिसेसला दाखवला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.’’

‘‘एवढा परिणाम झाला?’’

‘‘लई. म्हणली, अशी मानसं राहिली न्हाईत आता.’’

मी लाजलो. ‘‘मग स्टेजचं नक्की समजू?’’

पलीकडे काका घुटमळले. ‘‘त्याचं असं हाय, हितं आपल्या स्टेजसमोरचं पब्लिक लई वाईट. तोंडावर बोलतंय. तुमचा आयटम तसा… घरगुती हाय. पन तुमचे सासरे त्या दिवशी मोकळे असतेत का? कमिटीचं एकमत झालंय. त्यांना प्रमुख पाहुणे करू!’’

संमेलन झालं. गाणी झाली, नाच झाले. प्रमुख पाहुणे श्री. ईरप्पा यांचा शाल घालून सत्कार झाला. शाल त्यांच्याच दुकानातून आणली होती. ते दोनच शब्द बोलले आणि खरोखर दोनच : ‘‘बरं वाटलं.’’ टाळ्या पडल्या. मी त्या दारातून ऐकल्या.

सिद्धेश्वरी पुढच्या रांगेत बसली नाही. एक प्लास्टिकची खुर्ची ओढून ती माझ्याशेजारी चपलांपाशी बसली. कुणी विचारलं, ‘‘इथं का?’’ तर म्हणाली, ‘‘इथं वारा आहे.’’ वारा नव्हता.

कार्यक्रम संपल्यावर गर्दी झाली. सासरे आले. मी अदबीनं त्यांच्या चपला काढून समोर ठेवल्या. त्यांनी पाय घातले. टाच चांगली बोटभर मागे राहिली.

‘‘याच ना, मामा?’’

त्यांनी खाली बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. अधिक महिना केव्हाच संपला होता.

‘‘बरोबर,’’ ते म्हणाले, आणि दुसऱ्या कुणाच्या तरी चपला घालून, जरा तिरके चालत, रिक्षाकडे गेले.

हॉल रिकामा झाला. शेवटी एकच जोड उरला. चांगला मोठा, ओळखीचा. मी त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिलो.

‘‘सिद्धे,’’ मी म्हणालो, ‘‘बाकीचं सोड. पण ती पहिली तरी बरोबर आली होती ना? बदाम पंजी?’’

सिद्धेश्वरीनं वडलांच्या चपला उचलून पिशवीत घातल्या.

‘‘अगदी बरोबर,’’ ती म्हणाली.

पहिला पत्ता किलवर सत्ती होता.